जावई येऊन गेले की हेड हलतं

जयसिंगराव भोइट्यांच्या गॅरेजातलं मिलिंग मशीन गुरुवारी सकाळी पुन्हा वाकडं सापडलं आणि सुनीताबाईंनी ओतलेला चहा ओट्यावरच निवून गेला.

"कुणीतरी हात लावलाय!" जयसिंगराव गॅरेजच्या दारातून गरजले. "काल संध्याकाळी मी खुद्द सीधं केलं होतं. मी खुद्द!"

"मशीन आहे ते, पेढ्यांचा पुडा नाही," सुनीताबाई आतून म्हणाल्या. "त्याला कोण कशाला हात लावेल?"

"तेच तो शोधायचंय," जयसिंगराव म्हणाले आणि आपल्या बायकोकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

संशय हा जयसिंगरावांचा स्वभाव नव्हता, पेशा होता. सारी नोकरी त्यांनी बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात काढली. इतरांच्या शाखेत जायचं, चहा नाकारायचा आणि चूक शोधायची. निवृत्तीनंतर पेशा गेला, सवय तेवढी शिल्लक राहिली, ती त्यांनी घरात वापरायला काढली. दूधवाल्याचं माप ते दुसऱ्या मापाने मोजत. कुलूप लावलं की ते ओढून बघत, चार पावलं जात, परत येऊन पुन्हा ओढत. घरातला नळ पाहुण्याला उघडत नसे. बरण्यांची झाकणं उघडायला सुनीताबाई आधी लाटण्याने ठोकत, मग गरम पाण्यात बुडवत आणि शेवटी "अहो" म्हणून हाक मारत. "गळायला नको," एवढंच जयसिंगराव त्यावर म्हणत. इतक्या वर्षांत त्या घरात काही गळलं नव्हतं, हे मात्र कबूल करायला हवं.

मशीन त्यांनी सांवेर रोडवरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलं होतं. ते घरात आलं तशी गाडी गॅरेजबाहेर गेली आणि कव्हर पांघरून रस्त्यावर उन्हात उभी राहू लागली. या मशीनला एक मान असते आणि मानेला डोकं. त्याला हेड म्हणतात. हेडमध्ये कटर गरगर फिरतो आणि खाली टेबलावर बांधलेल्या धातूचा वरचा थर सोलून काढतो. हेड टेबलावर काटकोनात उभं असलं की धातू गुळगुळीत सपाट होतो. ते केसभर जरी कललं तरी धातूवर बारीक पायऱ्या उठतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, नखाला लागतात. हेड सरळ आहे की नाही हे बघायला घड्याळासारखा एक डायल असतो. तो हेडला बांधून टेबलावरून गोल फिरवायचा. सुई जागची हलली नाही तर हेड सरळ. जयसिंगरावांची सुई संध्याकाळी गप्प उभी असायची आणि सकाळी नाचायची.

एरवी हा खेळ त्यांनी खुशाल चालवला असता. पण यंदा अधिक महिना आला होता. मुलगी निवेदिता हिच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक, म्हणजे जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावून तेहतीस अनारसे आणि दिवा असं वाण द्यायचं. लोक चांदीचं तबक देतात. जयसिंगरावांनी जाहीर केलं, की आपण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मशीनवर पितळी डबा करू आणि त्याच्या झाकणाला अनारशाच्या जाळीसारखी तेहतीस भोकं पाडू.

यामागे एक जखम होती. जावई हृषीकेश पीथमपुरात एका कारखान्यात क्वालिटीचा इंजिनिअर होता. लोकांनी केलेल्या वस्तूवर अंगठा फिरवायचा आणि "हे नाही चालणार" म्हणायचं, याचाच त्याला पगार मिळत असे. जयसिंगरावांनी मशीनवर केलेला पहिला तुकडा त्यांनी कौतुकाने त्याच्या हातात दिला. त्याने त्यावर अंगठा फिरवला आणि शेव खाता खाता म्हणाला, "बाबा, हेड थोडंसं आउट आहे." किती हळुवार म्हणाला! तेच जयसिंगरावांना लागलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाची चूक पहिल्यांदाच कुणीतरी काढली होती. आता हा डबा त्या अंगठ्याखालून पास झाला पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. रात्री डोळे मिटले की त्यांना तो अंगठा दिसायचा.

डबा बहुतेक तयार होता. बाजू झाल्या, बूड झालं, भोकं पडली. झाकण घट्ट राहावं म्हणून त्यांनी चार कोपऱ्यांना फिरवायच्या चार पितळी घुंड्याही केल्या.

"अनारशाच्या डब्याला घुंड्या कशाला?" सुनीताबाईंनी विचारलं होतं.

"नुसत्या टेकवलेल्या झाकणाचा काय भरोसा? प्रवासात उघडलं तर?"

"गावातल्या गावात, अन्नपूर्णेहून खजरान्याला जायचंय त्यांना. काशीला नाही."

उरलं होतं ते झाकण खालून सपाट करणं. सकाळी हेड वाकडं, त्यामुळे झाकण वाकडं, त्यामुळे ते डब्यावर ठेवलं की टकटक हलायचं. आणि धोंड्याचं जेवण येत्या रविवारी होतं.

हेड पहिल्यांदा हललं तेव्हाच जयसिंगरावांनी रीतसर चौकशी सुरू केली होती. पहिला संशय अर्थातच घरच्या माणसावर.

"सुनीता, खरं सांग. तू गॅरेजात गेली होतीस?"

"गेले होते की. मागच्या हप्त्यात तो चक्का तिथेच टांगला होता."

जयसिंगराव खुर्चीवर बसले. "चक्का? कुठे?"

"ते तीन दांड्यांचं हँडल आहे ना, त्याला. रिकामंच तो असतं. श्रीखंड खाताना तुम्ही दोनदा घेतलंत, तेव्हा नाही विचारलंत कुठे टांगला होता!"

त्या दिवसापासून चक्का मोरीतल्या नळाला टांगला जाऊ लागला. हेड तरीही हललं. मग त्यांचा संशय कचरागाडीवर गेला. ती रोज सकाळी गाणं वाजवत नेमकी गॅरेजसमोर थांबायची. जयसिंगरावांनी भिंतीला हात लावून पाहिला तर भिंत थरथरत होती. ते बनियनवरच बाहेर आले.

"भिया, गाडी जरा आगे लगाया करो. हमारा हेड हिलता है."

ड्रायव्हरने त्यांच्या डोक्याकडे काळजीने पाहिलं. "अंकलजी, किसी अच्छे डॉक्टर को दिखा लो," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून भला माणूस गाडी दोन घरं पुढे थांबवू लागला. समोरच्यांना बादली घेऊन तिथवर चालावं लागू लागलं आणि त्यांनी जयसिंगरावांशी बोलणं सोडलं. हेड मात्र या गुरुवारी पुन्हा हललं.

तेव्हा कुठे जयसिंगरावांतला जुना इन्स्पेक्टर खऱ्या अर्थाने जागा झाला. त्यांनी आठवायला सुरुवात केली. सुई नाचली तो मागचा सोमवार. आदल्या संध्याकाळी घरी कोण आलं होतं? निवेदिता आणि हृषीकेश. त्याआधीची वेळ? तेव्हाही आदल्या दिवशी हृषीकेश एकटाच येऊन आंब्यांची पेटी ठेवून गेला होता. आणि हा गुरुवार? काल बुधवारी दोघं खजराना गणपतीचा प्रसाद द्यायला आले होते, आणि हृषीकेश हात धुवायला म्हणून गॅरेजातल्या नळावर गेला होता! मधल्या दिवसांत, जेव्हा कुणी आलं नाही, हेड जागच्या जागी होतं. हिशेब असा चोख जुळला, की जयसिंगरावांच्या अंगावर काटा आला.

"जावई येऊन गेले की हेड हलतं," ते स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले.

सुनीताबाईंच्या हातातलं पिठाचं भांडं तसंच राहिलं. "शुद्धीवर आहात ना? अधिक महिन्यात जावयावर आळ घेताय?"

"आळ नाही, पुरावा आहे. मला सांग, हेड आउट आहे हे पहिल्यांदा कोण म्हणालं? तोच. आता ते सीधं झालं तर कोण खोटा पडेल? तोच!"

"त्यांना दुसरे उद्योग नाहीत का?"

"बँकेत पण आम्हाला असंच वाटायचं. ज्याच्यावर वाटत नाही तोच निघतो."

"हे बघा," सुनीताबाई बोट रोखून म्हणाल्या, "पोरगी सुखात आहे. तुमच्या त्या लोखंडापायी तिच्या संसारात काडी टाकलीत, तर मी मशीनसकट तुम्हाला भंगारात देईन. सांगून ठेवते."

जयसिंगरावांनी विषय सोडला, पण पटलं म्हणून नव्हे. शनिवारी दुपारी त्यांनी हेड पुन्हा सरळ केलं, सुई हलेनाशी झाल्यावर हेडला जागेवर धरून ठेवणारे समोरचे चारही नट आवळले आणि निवेदिताच्या जुन्या कपाटातून नेलपॉलिशची लाल बाटली शोधून काढली. प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एकेक सरळ रेघ ओढली. बँकेत पाकिटावर लाखेचं सील लावतात, तसं. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. आता येऊ दे म्हणावं.

आणि तो आला. संध्याकाळी निवेदिता आईला पुरण वाटायला मदत करायला म्हणून आली, तिला सोडायला हृषीकेश. बसतो न बसतो तोच म्हणाला, "बाबा, गाडीचा आरसा ढिला झालाय. एखादा पाना मिळेल का?"

"पाना?" जयसिंगरावांचा आवाज चिरकला. "गॅरेजात आहे. जा ना, घ्या ना. एकटेच जा. मी तो इथेच बसलोय."

हृषीकेश गेला, आला, आरसा कसून पाना परतही ठेवून आला. जयसिंगराव वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. पाहुणे गेल्यावर ते अधीरपणे गॅरेजात गेले, पण चष्मा टीव्हीवर राहिला होता. सील उजेडात, ताज्या डोळ्यांनीच तपासायचं असा खात्याचा नियम होता, म्हणून त्यांनी ते सकाळवर टाकलं. जावई आत जाऊन आला म्हटल्यावर खबरदारी मात्र दुप्पट घेतली. खिडकीची कडी, पंख्याचं बटण, नळ, नट, दिवा, सगळं नेहमीसारखं चेक केलं, दाराला कुलूप लावलं आणि ते तीनदा ओढून पाहिलं.

रविवारी सकाळी चष्मा लावून ते आत शिरले. चारही रेघा तुटल्या होत्या. नटांवरचे अर्धे लाल तुकडे एकीकडे, खालचे अर्धे दुसरीकडे. त्यांनी डायल लावला. सुई नाचली.

त्यांना राग यायला हवा होता, पण आधी आलं ते रडू. झाकणावर शेवटचा हात फिरवायचा तो आज सकाळीच, आणि आता ते होणार नव्हतं. हलणारं झाकण, पायऱ्या उठलेलं पितळ, आणि त्यावर तो अंगठा. डबा त्यांनी पंच्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. राग मग आंघोळ करताना आला.

दुपारी पाट मांडले, रांगोळी घातली. निवेदिताने नवऱ्याला कुंकू लावलं, सुनीताबाईंनी ओवाळलं. ताटात पुरणाचे धोंडे आले. हृषीकेश नव्या सदऱ्यात अवघडून बसला होता आणि समोर सासरा त्याच्या हातांकडे टक लावून पाहत होता.

"हृषीकेशराव," जयसिंगराव एकदम म्हणाले, "तुमचे हात चांगले मजबूत आहेत."

"अं? हो, बाबा."

"नट ढिले करायला मजबूत हात लागतात."

"अहो!" सुनीताबाईंनी तबक खाली ठेवलं.

"नाही, आज बोलू दे मला! काल दुपारी मी चारही नटांना सील लावलं होतं. गॅरेजात फक्त हे गेले. आज चारही सील तुटलेत. पुरावा आहे माझ्याकडे. हृषीकेशराव, तुम्हाला मी मुलासारखं मानलं. मला सीधं सांगा, काय दुश्मनी आहे माझ्या हेडशी?"

निवेदिताचे डोळे भरून आले. "बाबा, काय बोलताय हे?" एवढंच ती म्हणू शकली. सुनीताबाईंना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

हृषीकेश हळूच पाटावरून उठला. आता हा चपला घालून चालू लागणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो गॅरेजाकडे वळला. मागून सगळी वरात निघाली. त्याने दिवा लावला, वाकून एकेक नट पाहिला आणि प्रत्येक रेघेवरून अंगठा फिरवला.

"बाबा, मी तो याला हातही नाही लावला, कसम से," तो शेवटी म्हणाला. "पण तुम्ही हे बघा. नटावरची रेघ कोणत्या बाजूला गेलीय?"

जयसिंगरावांनी चष्मा सारखा केला. "उजव्या."

"आणि नट उजवीकडे फिरवला तर काय होतो?"

"घट्ट होतो."

"मग? दुश्मन असता तर ढिला केला असता ना? इथे तो कुणीतरी चारही नट आणखी कसलेत. हा खालचा तर जान लावून." त्याने खालच्या नटावर बोट ठेवलं. "असंच तर हेड आउट होतं, बाबा. सीधं करून ठेवलेलं असतं, आणि वरून एकच नट जोरात कसला की तो हेडला आपल्याकडे ओढून घेतो."

"पण कशाला कुणी नट कसेल?" जयसिंगराव चक्रावून म्हणाले. "असा कोण माणूस आहे, जो लोकांच्या वस्तू येऊन आवळून जातो?"

सुनीताबाई मघापासून तुपाची बरणी काखेत घेऊनच आल्या होत्या. धोंड्यांवर तूप वाढायचं राहिलं होतं आणि झाकण उघडत नव्हतं. त्यांनी झाकणाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. निवेदितानेही पाहिलं.

"बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "शाळेत माझी पाण्याची बाटली मला कधीच उघडायची नाही. रोज चौकीदार अंकल उघडून द्यायचे. आठवतं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"काल आम्ही गेल्यावर तुम्ही इथे आला होतात?"

"आलो होतो. पण मी काहीसुद्धा केलं नाही. फक्त चेक केलं."

"चेक म्हणजे?"

"चेक म्हणजे चेक. पाना लावून एकेक नट जरा…" जयसिंगरावांचा हात हवेत उजवीकडे फिरला आणि तिथेच थांबला. त्या हाताकडे ते असे पाहत राहिले, जणू तो दुसऱ्या कुठल्या शाखेतून आला असावा.

"आणि जावई येऊन गेले की जास्तच चेक करत असाल," सुनीताबाई म्हणाल्या. "संशय असतो ना."

जयसिंगराव खाली स्टुलावर बसले. इन्स्पेक्शन खात्यातल्या उभ्या नोकरीत त्यांनी कुणालाही माफ केलं नव्हतं, त्यामुळे माफी कशी मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. "हृषीकेशराव," ते चाचरत म्हणाले, "रिपोर्टमध्ये चूक झाली. माझी."

"अरे बाबा, छोडो ना," हृषीकेश हसला. त्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "झाकण कुठे आहे? आत्ताच करू. धोंडे काही पळून नाही जात."

डायल लागला. हेड सरळ करायचं काम जयसिंगरावांचंच, ते त्यांनी नजाकतीने केलं. सुई गप्प झाली. मग हृषीकेशने पाना घेतला. हा थोडा, समोरचा थोडा, पुन्हा हा थोडा, असं करत चारही नट बसवले. सासऱ्याच्या हाताला चाळा नको म्हणून सुनीताबाईंनी त्यांच्या हातात तुपाची बरणी दिली होती. ती त्यांनी उघडली मात्र एका फटक्यात. कटर फिरला, पितळेचा भुगा उडाला आणि झाकण निघालं.

ते डब्यावर ठेवलं. टकटक नाही, हालचाल नाही. हृषीकेशने झाकण उचललं, उलटं करून त्यावर अंगठा टेकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेला.

"एक नंबर, बाबा," तो म्हणाला. "आमच्याकडे पण असं नाही निघत."

जयसिंगरावांना एकदम गॅरेजच्या दारात काहीतरी काम निघालं. तिथे पाठ करून ते चष्म्याच्या काचा पुसत राहिले. पोरगा चांगला आहे, फार चांगला आहे, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि आपण त्याच्याविषयी काय काय समजत होतो, याची लाजही वाटली.

जेवणं झाली. तेहतीस अनारसे डब्यात बसले, वर दिवा ठेवून वाण दिलं. संध्याकाळी निघताना डबा जयसिंगरावांनी स्वतः गाडीत ठेवला, नीट, काळजीने. लेक-जावई हात हलवत गेले. जयसिंगराव फाटकात बराच वेळ उभे होते. इतके मोकळे ते निवृत्तीच्या दिवशीही नव्हते.

"आजपासून मी कुणावर संशय घेणार नाही," ते घरात येत म्हणाले.

"बरं," सुनीताबाई म्हणाल्या.

तासाभराने फोन वाजला. हृषीकेश होता. मागे त्याच्या घरच्या मंडळींचा गलका ऐकू येत होता. सगळ्यांना अनारसे खायचे होते.

"बाबा, डबा एकदम मस्त. सगळ्यांना आवडला. फक्त ते… त्या चार घुंड्या उघडत नाहीत. मी जोर लावला, पप्पांनी लावला, शेजारचे भिया पण आले होते. भोकांतून दिसताहेत अनारसे."

सुनीताबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी आतून पाना आणून नवऱ्याच्या हातात दिला आणि फाटकाचं कुलूप स्वतःच्या ताब्यात घेतलं.

जयसिंगरावांनी पाना हातात तोलला. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी हळूहळू परत आली. फोन दुसऱ्या कानाला लावून ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी आत्ता निघतोच. पण आधी एक सांगा, हृषीकेशराव. इथून निघाल्यावर डब्याला कुणी हात लावला होता का?"